पीएचडीचा डेटा सांभाळायला शिकायचंय, आधी काय वाचू?

मुळशीची_वाट | शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार.

मी पुण्यात अर्थशास्त्रात पीएचडी करते आहे, दुसरं वर्ष संपत आलंय. विषय थोडक्यात सांगायचा तर, मुळशी तालुक्यात ज्या कुटुंबांनी गेल्या पंचवीस वर्षांत जमिनी विकल्या, त्यांच्या हातात आलेल्या पैशाचं पुढे काय झालं. २१२ घरांच्या प्रश्नावल्या भरून झाल्यात. ४१ मोठ्या मुलाखती ध्वनिमुद्रित आहेत. सातबाऱ्यांचे आणि खरेदीखतांचे फोटो आहेत, शिवाय माझ्या हातच्या तीन वह्या.

गेल्या आठवड्यात सहामाही सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "हा सगळा डेटा आत्ता नेमका कुठे आहे? आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्या कुणाला तो उघडून समजेल का?" मला उत्तर देता आलं नाही. गाइड सरांनी तीन आठवड्यांत दोन पानी डेटा मॅनेजमेंट प्लॅन, म्हणजे डेटा कसा ठेवणार आणि सांभाळणार याची योजना, मागितलाय.

तेव्हापासून रोज रात्री शोधत बसते. जे सापडतं ते एकतर मोठ्या ग्रंथालयांसाठी लिहिलेलं असतं, नाहीतर ज्यांना आधीच सगळं येतं त्यांच्यासाठी. फेअर, ओएआयएस, लाइफसायकल, मेटाडेटा स्कीमा. चार शब्दांचा अर्थ लावावा तोवर पुढचे चार समोर येतात.

माझी परिस्थिती खरी खरी सांगते. लॅपटॉपवर एक फोल्डर, त्यात "फील्डवर्क", त्यात "फील्डवर्क नवीन". काही मुलाखती माझ्या रेकॉर्डरवर, काही मदतनीस मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या. नऊ मुलाखती अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या, त्या श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. एक्सेल दोघांनी दोन लॅपटॉपवर भरली. मागच्या महिन्यात लक्षात आलं की गट क्रमांकाच्या रकान्यात जिथे १२/३ लिहिलं होतं तिथे १२ मार्च झालंय. ११८/२ मात्र जसाच्या तसा आहे.

तर प्रश्न असा: तीन आठवड्यांत काय वाचू, कोणत्या क्रमाने? लोकांनी माझ्याजवळ जे सांगितलंय ते त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. ते हरवायला नको, आणि कुणाच्या हाती लागायलाही नको. म्हणून विचारतेय.

पेशी_आणि_पिपेट | रविवार, सकाळी ८.०५

माझं क्षेत्र जीवशास्त्र, पण हाच प्रश्न मलाही पडला होता. मी कोर्सेरावरचा रिसर्च डेटा मॅनेजमेंट अँड शेअरिंग हा कोर्स केला. एडिंबरा विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं चॅपल हिल केंद्र यांनी मिळून केलेला आहे. पाच भाग आहेत: डेटा म्हणजे काय, योजना, रोजचं काम, वाटप, जतन. रोज रात्री तासभर दिला तर तीन आठवड्यांत होतो. फेअर म्हणजे डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा; त्या तत्त्वांचा मूळ लेख २०१६ चा, सायंटिफिक डेटा या नियतकालिकातला. तोही वाचा, लांब नाही.

गट क्रमांकाचं वाचून अगदी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमच्याकडे सेप्ट२ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाकलं की २ सप्टेंबर व्हायचं आणि मार्च१ चा १ मार्च. हे इतकं पसरलं होतं की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये शेवटी नावंच बदलली. आता सेप्टिन२ आणि मार्चएफ१ म्हणतात. तेव्हा एक्सेल काही बदललं नाही, जनुकांनाच बदलावं लागलं.

दाखलनोंद | रविवार, दुपारी ४.४०

मी पुण्यातल्या एका संस्थेत सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर सुचवलेला कोर्स चांगला आहे, पण मी तुम्हाला वेगळा क्रम सांगेन. का, ते कळावं म्हणून आधी एक गोष्ट सांगते.

आमच्याकडे एका प्राध्यापकांनी १९९७ ते २००१ या काळात दुष्काळी तालुक्यातल्या घरांची पाहणी केली होती. ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी एक पुठ्ठ्याचा खोका ग्रंथालयात आला. त्यात ६४ सीडी. प्रत्येकीवर मार्करने काहीतरी लिहिलेलं: "अंतिम", "अंतिम दुरुस्त", "हीच घ्यावी". त्यातल्या ४९ उघडल्या. मुख्य फाइल मिळाली तेव्हा मला फार आनंद झाला. साधी मजकुराची फाइल होती, आज कुठल्याही यंत्रावर उघडेल अशी. आत फक्त आकडे. ऐंशी रकाने. चौदाव्या रकान्यात १, २, ३ आणि ९.

९ म्हणजे काय?

संकेतसूची नव्हती. भरलेल्या प्रश्नावल्या खोली रंगवायला काढली तेव्हा रद्दीत गेल्या होत्या. कुणी वाईट हेतूने केलं नाही, पण त्या जुन्या कागदांचं मोल कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मी छापील पानं घेऊन सरांच्या सदाशिव पेठेतल्या घरी गेले. चार वेळा गेले. सर चष्मा लावून रकान्यावरून बोट फिरवायचे, मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे. तिसऱ्या खेपेला चौदाव्या रकान्यावर बोट ठेवून एकदम म्हणाले, "अहो, ९ म्हणजे बाई घरात नव्हती, पुरुषाने तिच्या वतीने उत्तर दिलं." आकडेवारीत ९ हा बहुतेक वेळा "उत्तर नाही" साठी वापरतात. दुसऱ्या कुणीही ती सगळी घरं कोरी समजून वगळली असती. त्या पाहणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट कदाचित तीच होती की किती घरांत बाईचं उत्तर पुरुषाने दिलं.

ऐंशीपैकी एकतीस रकाने सरांना आठवले. पुढच्या वर्षी सर गेले. बाकीचे एकोणपन्नास अजून तसेच आहेत.

म्हणून माझं सांगणं असं की वाचन सुरू करण्याआधी आज रात्रीच एक साधी मजकुराची फाइल उघडा, तिला रीडमी नाव द्या आणि तुमच्या एक्सेलमधल्या प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ लिहा. रकान्याचं नाव, त्यात काय आहे, एकक काय, कोणता आकडा म्हणजे काय, रिकामी जागा म्हणजे काय. मराठीत लिहा. लिहिताना जिथे अडाल तिथे प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. तिथेच तुमचा डेटा आजारी आहे, आणि आज तुम्हाला आणि तुमच्या मदतनिसाला अजून आठवतंय.

आता वाचन. पहिल्या संध्याकाळी एकच लेख: कार्ल ब्रोमन आणि कारा वू यांचा, स्प्रेडशीटमध्ये डेटा कसा मांडावा यावर, द अमेरिकन स्टॅटिस्टिशियनमध्ये २०१८ साली आलेला. मोफत वाचायला मिळतो. भाषा सोपी. एका चौकटीत एकच गोष्ट, रंगाने अर्थ दाखवू नका, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, मूळ फाइलीत आकडेमोड करू नका. वाचताना आपली एक्सेल शेजारी उघडून ठेवा. इतका कामाचा लेख मी या विषयात दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर एडिंबरा विद्यापीठाचा मॅन्ट्रा. हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, मुळात पीएचडी करणाऱ्यांसाठीच बांधलेला. क्रमाने करायची गरज नाही. फाइलींची मांडणी, स्वरूपं, दस्तऐवजीकरण, साठवण आणि खाजगीपणा एवढे भाग आधी करा. बाकीचे प्रबंध लिहिताना.

तिसरी गोष्ट तुमच्या मुलाखतींसाठी. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठात १९६७ पासून समाजशास्त्रीय डेटाचं दप्तर आहे, आणि यूके डेटा सर्व्हिसच्या संकेतस्थळावर त्यांचा सगळा अनुभव उतरलाय. संमतीपत्राचे नमुने, मुलाखत लिहून काढण्याचा साचा, नावं झाकण्याच्या पद्धती. युरोपातल्या अशाच दप्तरांच्या संघाचं, सेसडाचं, डेटा मॅनेजमेंट एक्स्पर्ट गाइड आहे, तेही समाजशास्त्राच्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून लिहिलेलं. दोन्ही पूर्ण वाचू नका. संमती आणि अनामिकीकरण, एवढंच.

आणि मग डिजिटल क्युरेशन सेंटर. २००४ मध्ये एडिंबरात सुरू झालेली ही संस्था. प्लॅन लिहिण्यासाठी त्यांची प्रश्नांची यादी आहे, ती समोर ठेवली की दोन पानं आपोआप होतात: काय गोळा करणार, कसं लिहून ठेवणार, नैतिक बाजू, साठवण, काय टिकवणार, कुणाला देणार, जबाबदारी कुणाची. त्यांचं २००८ चं लाइफसायकल चित्र तुम्हाला सारखं दिसत असेल, वर्तुळात वर्तुळं. घाबरू नका. त्यातले दोनच शब्द पाहून ठेवा: निवड आणि विल्हेवाट. सगळं कायम ठेवायचं नसतं. काय ठेवायचं नाही हेही प्लॅनमध्ये लिहायचं असतं.

ओएआयएस, म्हणजे डिजिटल दप्तर कसं चालवावं याचा आराखडा, आता बाजूला ठेवा. आयएसओ १४७२१ हे त्याचं मानक. अंतराळ संस्थांच्या समितीने तयार केलेलं, दीर्घकाळ दप्तर चालवणाऱ्यांसाठी ते पायाभूत आहे. तुम्हाला तीन आठवड्यांत त्याची गरज नाही. पुढे या विषयाची गोडी लागली तर डिजिटल प्रिझर्व्हेशन कोएलिशनचं हँडबुक वाचा, मोफत आहे, आणि तेव्हा ओएआयएस आपसूक समजेल. पुण्यातच सी-डॅकमध्येही डिजिटल जतनावर काम झालेलं आहे, तेही तेव्हा पाहा.

क्युरेशनला मी मनात "निगा" म्हणते. घरात वर्षाचे गहू भरून ठेवतो, पण मध्ये एकदा डबा उघडून हात घालून बघतो, ऊन दाखवतो. डेटाचं तसंच आहे. वर्षातून एकदा प्रत्येक फाइल उघडते का हे बघायचं.

प्रतींबद्दल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. हे तुम्ही वाचालच. "वेगळ्या ठिकाणी" याचा अर्थ मात्र पुण्याच्या माणसाला सांगावा लागू नये. एक प्रत शनिवार पेठेत आणि दुसरी नारायण पेठेत ठेवली असती तर १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात दोन्ही गेल्या असत्या. माझ्या सासरचे जुने कागद असेच गेले. कपाटं दोन होती, पण गल्ली एकच.

आणि गट क्रमांकांबाबत एक धोक्याची सूचना. दोघांनी दोन लॅपटॉपवर भरलंय म्हणालात. दोन्हींवर तारखेची मांडणी एकच होती का? एकावर भारतीय, म्हणजे दिवस-महिना, आणि दुसऱ्यावर अमेरिकी, म्हणजे महिना-दिवस असेल, तर दुसऱ्यावर लिहिलेला १२/३ हा ३ डिसेंबर म्हणून साठवला गेला असेल. तुम्ही तो उलगडायला जाल तेव्हा ३/१२ मिळेल. तोही खरा वाटणारा गट क्रमांक आहे. अशा ठिकाणी सातबाऱ्याचा फोटो काढूनच पडताळा, अंदाजाने दुरुस्त करू नका. आधी मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवा, तिला हात लावू नका.

खोडदचा_माळ | रविवार, रात्री ९.१५

दाखलनोंद ताईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. मी नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर एमएस्सीचा प्रकल्प केला होता. ४५ मीटरच्या तीस अँटेना, आणि त्यातून येणारा डेटा बघून आधी धडकी भरते. पण आमच्या विषयात एक गोष्ट फार लवकर ठरली. १९८१ मध्ये फिट्स नावाचं फाइल-स्वरूप आलं आणि अजून तेच चालतं. त्या फाइलीच्या सुरुवातीलाच साध्या अक्षरांत माहिती असते: दुर्बीण कोणती, तारीख काय, एकक काय. ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळी. नंतर आकडे. म्हणजे डेटा आणि त्याची ओळख एकाच फाइलीत, वेगळं करायचं म्हटलं तरी होत नाही. माझ्या जन्माआधीची निरीक्षणं मी उघडून वापरली आहेत.

तुमच्याकडे असं स्वरूप नाही म्हणून रीडमी त्याच फोल्डरमध्ये ठेवा, दुसरीकडे कुठे नको. फोल्डर कुठेही हलला तरी ती सोबत जाईल.

मुळशीची_वाट | सोमवार, रात्री १०.५०

खूप आभार, सगळ्यांचे. ताई, चौदाव्या रकान्याचं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ तशीच बसले. मग उघडून रीडमी लिहायला घेतली. ५८ रकान्यांपैकी ४० नीट लिहिता आले. अडलेल्यांपैकी सगळ्यात मोठा "उरलेलं कर्ज" हा आहे. काही घरांत ० आहे आणि काहींत रिकामं. मला वाटत होतं दोन्हींचा अर्थ एकच.

लॅपटॉपची मांडणी तपासली. मदतनिसाच्या लॅपटॉपवर अमेरिकीच होती. त्याने भरलेले तारीख झालेले गट क्रमांक २३ निघाले. फोटोंवरून पडताळायला बसलेय.

आणखी तीन शंका. श्री-लिपीतल्या नऊ मुलाखतींचं काय करू? दुसरं, मी लिहून काढलेल्या मुलाखतींत "विकणाऱ्या" हा शब्द शोधला तर सात ठिकाणी सापडतो, पण माझ्या डोळ्यांना तो त्याहून बऱ्याच ठिकाणी दिसतो. हे काय आहे? आणि तिसरं, नावं बदलली म्हणजे माणसं ओळखू येणार नाहीत ना? मी प्रत्येकाला टोपणनाव दिलंय.

दाखलनोंद | मंगळवार, सकाळी ११.३०

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा.

टोपणनावाने भागत नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात "माजी सरपंच, दोन मुली, रस्त्याकडची जमीन १९९८ ला विकली" एवढं वाचलं की चहाच्या टपरीवरचा माणूसही नाव सांगेल. वय, जात, पद, मुलांची संख्या, विक्रीचं वर्ष. प्रत्येक गोष्ट एकटी निरुपद्रवी, एकत्र आली की माणूस उभा राहतो. वयाचे गट करा, वर्षाच्या जागी पाच वर्षांचा काळ लिहा, गावाला अक्षर द्या.

आणि तुमच्या बाबतीत परदेशी मार्गदर्शिकेत न सापडणारी एक गोष्ट आहे. गट क्रमांक. महाभूलेखच्या संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकला की सातबारा समोर येतो, खातेदाराच्या नावासकट. म्हणजे तुम्ही नावाचा रकाना पुसला आणि गट क्रमांकाचा ठेवला, तर काहीच पुसलेलं नाही. तो रकाना मुख्य फाइलीतून काढा. प्रत्येक घराला एक अंक द्या, आम्ही पुस्तकाला दाखल अंक देतो तसा. एकदा दिलेला अंक पुन्हा दुसऱ्याला नाही, घर वगळलं तरी नाही. अंक आणि गट क्रमांक यांची जोडी एका वेगळ्या फाइलीत, ती कुलूपबंद, म्हणजे व्हेराक्रिप्टसारख्या साधनाने कूटबद्ध, आणि मुख्य डेटाच्या शेजारी न ठेवता. सातबाऱ्यांचे फोटोही तिकडेच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, त्याचा प्लॅनमध्ये उल्लेख करा आणि संस्थेच्या नैतिकता समितीला विचारा. पण कायदा नसता तरी हे केलंच पाहिजे; का, ते तुम्हीच पहिल्या प्रश्नात लिहिलंय.

संमती घेताना तुम्ही लोकांना काय सांगितलं होतं? "प्रबंधासाठी" एवढंच सांगितलं असेल तर मुलाखती दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, झाकूनही नाहीत. पुन्हा जाऊन विचारता येत असेल तर विचारा. नसेल तर प्लॅनमध्ये सरळ लिहा की मुलाखती दिल्या जाणार नाहीत. त्यात कमीपणा नाही. फेअर म्हणजे सगळं उघडं करणं असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्या पंधरा तत्त्वांत डेटा बंद ठेवायला मुभा आहे. फक्त असा डेटा आहे, कशाबद्दल आहे, कुणाला विचारायचं, ही नोंद खुली असावी. तशी नोंद झेनोडोवर करता येते. सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेलं भांडार आहे, मोफत आहे, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाईल, त्यात या नोंदीचा डीओआय द्या. झाकलेली प्रश्नावली-फाइल द्यायची ठरली तर आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची, डेटा सर्व्हिसही पाहा, ती समाजशास्त्रांसाठीच आहे.

आता "विकणाऱ्या". यात तुमचे डोळे बरोबर आहेत. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण. दुसऱ्या पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही फोनवर एक प्रकारे आणि लॅपटॉपवर दुसऱ्या प्रकारे टाइप केलं असणार. सगळ्या फाइलींत एकच पद्धत करून घ्या, आणि केलं ते रीडमीत लिहा. "शेतकऱ्यांना", "वाऱ्यावर", "दुसऱ्या" सगळीकडे हाच घोळ असेल. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमांत मला हे दिसलं नाही, कारण त्यांना कधी गरजच पडली नाही. आमच्या ग्रंथालयाच्या तालिकेत यापायी वाचकांना पुस्तकं सापडत नव्हती, समोर शेल्फवर असून.

श्री-लिपीचं थोडक्यात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या मुलाखती म्हणजे इंग्रजी अक्षरांचा ढिगारा. परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येईल अशा अक्षर-संकेतात, आणा, मग ध्वनिमुद्रण ऐकत एकदा ओळ न् ओळ वाचा, जोडाक्षरं हमखास तुटतात. मूळ फाइलही ठेवा, सोबत तिची पीडीएफ, म्हणजे मूळ कशी दिसत होती ते राहील. एक्सेलची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल, करताना यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा, नाहीतर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मुलाखतींच्या मूळ फाइली त्या मुलाच्या फोनवर अजून असतील तर या आठवड्यातच केबल लावून उतरवून घ्या. फोटोंचंही तेच. साधे पाठवलेले फोटो लहान होऊन येतात आणि कधी, कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते. फोन बदलला की संपलं.

पेशी_आणि_पिपेट | मंगळवार, दुपारी १.००

उतरवून घेतल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम काढून जुळवा. फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच तो, एक बिट इकडचा तिकडे झाला तरी बदलतो. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची आज्ञा आधीपासून असते. ठसे एका फाइलीत लिहून ठेवले की ताई म्हणतात तसं वर्षाने उघडून बघताना तुलना करता येते.

मुळशीची_वाट | शुक्रवार, रात्री ९.३०

हे कळवायचं होतं.

मदतनिसाचा फोन उतरवून झाला. अकरा मुलाखतींच्या मूळ फाइली मिळाल्या, दोन त्याने जागा करायला पुसल्या होत्या, त्यांची व्हॉट्सअ‍ॅपची प्रतच आता मूळ, तसं लिहून ठेवलंय. ठसे जुळले. २३ गट क्रमांकांपैकी २० फोटोंवरून पक्के झाले. एक प्रत भावाकडे नाशिकला पाठवली, कुलूप लावून.

ब्रोमन-वू वाचला. माझ्या एक्सेलमध्ये पिवळ्या रंगाच्या ओळी होत्या आणि पिवळा म्हणजे काय हे मला आठवेना. वहीत सापडलं: "पुन्हा जायचं."

"उरलेलं कर्ज" बद्दल मदतनिसाला विचारलं. तो लगेच म्हणाला, "ताई, ० म्हणजे फिटलं. रिकामं म्हणजे त्या वेळी घरातलं दुसरं कुणी समोर बसलं होतं आणि त्यांनी डोळ्यानं नको म्हटलं, म्हणून मी विचारलंच नाही." रिकामी घरं १७ आहेत. रीडमीत तो रकाना आता असा आहे:

"उरलेलं कर्ज: रुपयांत, पाहणीच्या दिवशी. ० म्हणजे कर्ज नाही किंवा पूर्ण फिटलं. रिकामं म्हणजे प्रश्न विचारला गेला नाही, कारण उत्तर देणारी व्यक्ती एकटी नव्हती. रिकाम्याला शून्य समजू नये."

गाइड सरांना दोन पानं दाखवली, त्यांनी हा रकाना दोनदा वाचला. रविवारी पौडच्या बसने जातेय, त्या १७ घरांपैकी जिथे जमेल तिथे, आणि संमतीचंही पुन्हा विचारणार आहे. ताई, संमतीपत्र मराठीत लिहिलंय, एक पान आहे. तुम्ही एकदा नजर घालाल का?

दाखलनोंद | शुक्रवार, रात्री १०.१०

पाठवा. शनिवारी दुपारपर्यंत वाचून देते. अक्षर मोठं ठेवा, आणि "मी नंतर नाही म्हणू शकतो/शकते" ही ओळ सगळ्यात वर घ्या.